लैंगिक अत्याचारांविषयीचे समज आणि कायद्याची घडण : तंजावर ते देसाईगंज

कायदा संसदेत संमत होतो, पण त्यातील शब्द समाजात आधीपासूनच रुजलेल्या समजुतींमधून येतात. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या भारतीय कायद्याचा गेल्या सुमारे १६० वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे विशेषत्वाने दिसते. कायद्यात बदल होत गेले, ते बहुधा एखाद्या प्रकरणाने प्रचलित समज उघडा पाडल्यावरच. काही समज मात्र कलमांतून गेले, तरी तपासात, वैद्यकीय अहवालात आणि निकालपत्रात टिकून राहिले.

या इतिहासाचे काही महत्त्वाचे दुवे मराठी माणसांशी आणि मराठी मुलखाशी जोडलेले आहेत. त्यांपैकी एक कावेरीच्या काठी, तंजावर जिल्ह्यात सापडतो, तर दुसरा वैनगंगेच्या खोऱ्यातील देसाईगंज येथे.

तंजावरचा दुवा

तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले. तेथील मराठी कुटुंबांतून पुढे आलेले दोन पुरुष, सर टी. माधवराव आणि दिवाणबहादूर आर. रघुनाथराव, हे दोघेही कुंभकोणमचे. माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविले. रघुनाथराव हे विधवाविवाहाचे आणि विवाहाचे वय वाढविण्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १८८७ साली मद्रास येथे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनालगतच भारतीय सामाजिक परिषदेची पहिली बैठक भरली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासमवेत तिच्या उभारणीत रघुनाथरावांचा मोठा वाटा होता.

बालविवाह हा त्या काळच्या सामाजिक चर्चेतील कळीचा प्रश्न होता. पुण्या-मुंबईतील संमतिवयाचा वाद मराठी वाचकांना परिचित आहे, पण तोच वाद कुंभकोणम आणि मद्रास येथेही तितक्याच हिरिरीने चालला होता. ऋतुप्राप्तीपूर्वीच मुलीचा विवाह झाला पाहिजे असा शास्त्राचा अटळ दंडक नाही, हे रघुनाथराव ग्रंथांच्या आधारे मांडीत होते. पुढे १९१४ साली, तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील वलंगैमान येथे जन्मलेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी ऋतुप्राप्तीनंतरच्या विवाहाला वैधता देणारे विधेयक मद्रासच्या विधान परिषदेत मांडले. ते संमत झाले नाही.

समज पहिला : विवाह म्हणजे कायमची संमती

सतराव्या शतकातील इंग्लंडचे न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचे मत असे होते की, विवाह करतानाच स्त्री पतीला संमती देते आणि ती तिला मागे घेता येत नाही. हा विचार इंग्रजी कायद्याबरोबर भारतात आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने संमतीचे वय १० वर्षे ठरविले आणि त्याहून मोठ्या वयाच्या पत्नीशी पतीने केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येतून वगळला.

या तरतुदीचे परिणाम १८९० साली कलकत्ता उच्च न्यायालयात पुढे आले. दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या बळजोरीमुळे झालेल्या जखमांनी मरण पावली होती. तिचे वय दहाच्या वर असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप ठेवताच येत नव्हता. निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

या प्रकरणानंतर जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतीचे वय १२ वर्षे करणारे विधेयक मांडले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीची पार्श्वभूमी त्याला होती. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याला विरोध केला. परकीय सरकारने धर्माच्या बाबतीत कायदा करू नये, अशी त्यांची भूमिका होती. सुधारकांनी आधी स्वतः प्रतिज्ञाबद्ध होऊन मुलींचे विवाह १६ वर्षांनंतर करावेत, असा प्रतिप्रस्तावही त्यांनी मांडला होता. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी शास्त्रवचनांच्या आधारेच विधेयकाचे समर्थन केले. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, ४ एप्रिल रोजी, सर माधवरावांचे निधन झाले.

या वादाचे एक वैशिष्ट्य नोंदण्याजोगे आहे. दोन्ही पक्ष गर्भाधान संस्कार केव्हा करावा, सरकारचा अधिकार कोठवर चालतो आणि ग्रंथांचा अर्थ काय, यावर हिरिरीने लिहीत होते. मुलीच्या इच्छेचा प्रश्न बहुतेकांच्या लिखाणात आला नाही. कायद्याच्या नावात ‘संमती’ होती, पण जिची संमती घ्यावयाची तिला कोणी विचारले नव्हते.

पुढील बदल हळूहळू होत गेले. १९२५ साली विवाहाबाहेर १४ आणि विवाहांतर्गत १३ वर्षे असे दोन निरनिराळे निकष आले. १९२८ साली नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष वऱ्हाडातील सर मोरोपंत जोशी होते आणि रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. समितीने वयोमर्यादा वाढविण्याची शिफारस केली. परंतु पतीकडून घडणाऱ्या गुन्ह्याला बलात्कार न म्हणता ‘वैवाहिक दुर्वर्तन’ असे सौम्य नाव सुचविले. कृत्य तेच असले तरी नाव बदलले की त्याचे गांभीर्य बदलते, हे यावरून दिसते. १९४९ साली हे निकष अनुक्रमे १६ आणि १५ वर्षे झाले.

त्यानंतर विवाहांतर्गत १५ वर्षांची मर्यादा तब्बल ६८ वर्षे कायम राहिली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती १८ वर्षे अशी वाचावी असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने १८ वर्षांची मर्यादा स्वीकारली. मात्र १८ वर्षांवरील पत्नीबाबतचा अपवाद संहितेत कायम आहे. इंग्लंडमध्ये, जेथून हा अपवाद आला, तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तो १९९१ सालीच मोडीत काढला.

समज दुसरा : प्रतिकार नाही, म्हणजे संमती आहे

मराठी भाषेतील ‘बलात्कार’ या शब्दाची फोडच ‘बळाने केलेले कृत्य’ अशी होते. बळ दिसले पाहिजे, जखमा दिसल्या पाहिजेत, आरडाओरड ऐकू आली पाहिजे, अशी अपेक्षा त्यातून नकळत तयार होते. दंड संहितेची व्याख्या मात्र आरंभापासून इच्छा आणि संमती या निकषांवर आधारलेली होती. शब्द आणि व्याख्या यांतील हे अंतर किती महागात पडू शकते, ते देसाईगंज प्रकरणाने दाखविले.

हे प्रकरण सर्वत्र पीडितेच्या नावाने ओळखले जाते. पीडितेची ओळख प्रकट करण्यास बंदी घालणारे कलम याच प्रकरणामुळे झालेल्या दुरुस्तीतून आले, हे ध्यानात घेऊन येथे गावाचे नाव वापरले आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिचे वय अंदाजे १४ ते १६ वर्षे होते. कौटुंबिक तक्रारीच्या चौकशीसाठी ती नातेवाइकांसह तेथे आली होती. इतरांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबविण्यात आले होते. आरोप ठाण्यातील दोन पोलिसांवर होता.

सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना निर्दोष ठरविले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय होती, असे निकालात म्हटले होते. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे खंडपीठाने स्पष्ट केले व आरोपींना अनुक्रमे एक आणि पाच वर्षांची शिक्षा सुनावली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने दोघांचीही सुटका केली. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि प्रतिकाराचा पुरावा नाही, यावरून न्यायालयाने संमतीचा निष्कर्ष काढला.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, वर्दीतील माणसांसमोर एका गरीब अल्पवयीन मुलीने प्रतिकार करावा अशी अपेक्षा ठेवणे कितपत न्याय्य, हा त्यांच्या पत्राचा गाभा होता. मार्च १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रियांनी निदर्शने केली. मुंबईत बलात्कारविरोधी मंचाची स्थापना झाली. विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये ८४ वा अहवाल सादर केला.

त्यातून १९८३ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम आला. ताब्यातील स्त्रीवरील अत्याचार हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. किमान शिक्षा निश्चित झाली. पुरावा अधिनियमात ११४-अ हे कलम आले : ताब्यातील किंवा सामूहिक अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे. इतर प्रकरणांत मात्र जुनेच नियम राहिले. ‘केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही’ हे स्पष्टीकरण कायद्यात लिहिले जाण्यास २०१३ साल उजाडले. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून मोजल्यास हा काळ ४१ वर्षांचा होतो.

समज तिसरा : चारित्र्यावरून सत्य ठरते

१८७२ च्या पुरावा अधिनियमातील १५५ व्या कलमाच्या चौथ्या उपकलमाने आरोपीला एक विशेष सवलत दिली होती. तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढता येत असे. चोरीच्या फिर्यादीला त्याच्या पूर्वीच्या दानधर्माविषयी कोणी विचारीत नाही. या एका गुन्ह्यात मात्र फिर्यादीचीच उलटतपासणी तिच्या आयुष्याची झडती ठरत होती. विधी आयोगाच्या मार्च २००० मधील १७२ व्या अहवालात शिफारस झाल्यावर २००२ च्या दुरुस्तीने हे उपकलम वगळण्यात आले. ते १३० वर्षे कायद्यात होते.

न्यायालयांनी दरम्यान वेगळा मार्ग दाखविला होता. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी सांगितले की, तथाकथित सैल चारित्र्याच्या स्त्रीलाही खासगीपणाचा आणि स्वतःच्या रक्षणाचा अधिकार आहे. तरीही कलम जाऊन समज गेला नाही, कारण तो वैद्यकीय तपासणीत शिल्लक होता.

‘दोन बोटांची चाचणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणीवरून डॉक्टर ‘सवय आहे’ किंवा ‘सवय नाही’ असा अभिप्राय लिहीत. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. पूर्वीचा संबंध आणि तक्रारीतील घटना यांचा परस्परांशी काही संबंधही नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या पद्धतीविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा भंग करते असा निर्णय दिला. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती वगळली.

असे असूनही एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाला, ज्याच्या अधिकारक्षेत्रात तंजावर जिल्हा येतो, या चाचणीवर तत्काळ बंदी घालण्याचे निर्देश तामिळनाडू सरकारला द्यावे लागले. एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात ती चाचणी केल्याचे न्यायमूर्तींना आढळले होते. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असे बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातही बदल करण्यास सांगितले.

समज चौथा : स्त्रिया खोट्या तक्रारी करतात

आरोप करणे सोपे आणि त्यातून सुटणे अवघड, हेही मत सर मॅथ्यू हेल यांचेच. त्यामुळे अन्य पुराव्याची जोड असल्याखेरीज स्त्रीच्या साक्षीवर विसंबू नये, असा प्रघात पडला. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकाच्या आरंभी ही जोड म्हणजे कायद्याचा नियम नसून सावधगिरीचा भाग आहे असे सांगितले. १९८३ च्या गुजरातमधील एका निकालात न्यायालय म्हणाले की, भारतीय समाजात स्त्री अब्रूच्या भीतीने सहसा खोटा आरोप करणार नाही. हा निकाल तक्रारदारांना उपकारक ठरला. पण बारकाईने पाहिल्यास तोही एका समजावरच उभा आहे. ‘कुलीन’ आणि ‘लाजरी’ स्त्री विश्वासार्ह ठरली, तर जी त्या चौकटीत बसत नाही तिचे काय, हा प्रश्न त्यातून उरतो.

खोट्या तक्रारी होत नाहीत असे कोणी म्हणत नाही. त्यांची तपासणी प्रत्येक गुन्ह्यात करावीच लागते. प्रश्न आहे तो या एकाच गुन्ह्यात संशय हा आरंभबिंदू का असावा, हा. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या ‘शक्ती’ विधेयकात कठोर शिक्षांबरोबरच खोट्या तक्रारीसाठी वेगळ्या शिक्षेची तरतूद होती. तक्रार सिद्ध न होणे आणि तक्रार खोटी असणे यांतील फरक पोलीस ठाण्यात पुसला जाईल, अशी भीती तेव्हा स्त्री संघटनांनी व्यक्त केली होती. या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

समज पाचवा : गुन्हेगार अनोळखी असतो

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने अवघ्या महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. समितीने संमतीची स्पष्ट व्याख्या, व्याख्येचा विस्तार आणि वैवाहिक अपवाद रद्द करणे यांची शिफारस केली. मृत्युदंडाची केली नाही. सरकारने व्याख्या स्वीकारल्या, वैवाहिक अपवाद कायम ठेवला आणि काही प्रकरणांत मृत्युदंड आणला. २०१८ साली १२ वर्षांखालील मुलींवरील अत्याचारासाठीही मृत्युदंडाची तरतूद झाली.

या निवडीमागे रात्रीच्या निर्जन रस्त्यावरील अनोळखी हल्लेखोराची प्रतिमा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र सातत्याने दाखवितात की, नोंदलेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा मालक. आरोपी घरातलाच असेल, तर फाशीच्या शक्यतेमुळे कुटुंबच तक्रार दाबण्याचा धोका असतो, असे बालहक्क क्षेत्रातील अनेक कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे.

याच्याच जोडीला, पुरुषावर असा अत्याचार होऊच शकत नाही, हाही एक समज आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने मुलगे आणि मुली दोघांनाही संरक्षण दिले. प्रौढ पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी मात्र भारतीय न्याय संहितेत बलात्काराचे समांतर कलम नाही.

नावात काय आहे

तामिळनाडूने १९९८ साली, चेन्नईत एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर, सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना त्रास देण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच्या नावात मूळ शब्द ‘ईव्ह-टीझिंग’, म्हणजे छेडछाड, असा होता. थट्टामस्करीचा भास देणारा हा शब्द पुढे वगळून ‘स्त्री-छळ प्रतिबंध’ या अर्थाचे नाव देण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडू विधानसभेने या गुन्ह्यांच्या शिक्षा आणखी वाढविल्या. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, चेन्नईतील एका विद्यापीठ परिसरातील प्रकरणात प्रथम माहिती अहवालच उघड झाला होता. त्यातील भाषा पीडितेलाच दोष देणारी असल्याबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली.

मराठीतही ‘विनयभंग’ आणि ‘अब्रू लुटणे’ हे शब्द रूढ आहेत. दोहोंतही इजा शरीराला किंवा इच्छेला नव्हे, तर लौकिकाला झाल्याचे सूचित होते. अब्रू गेली ती पीडितेची, आणि आरोपीची नव्हे, हा अर्थ भाषेने आधीच ठरवून टाकलेला असतो.

ठळक टप्पे

१८६० : दंड संहिता, संमतीचे वय १० वर्षे.
१८७२ : पुरावा अधिनियम, तक्रारदाराच्या चारित्र्याचा पुरावा ग्राह्य.
१८९१ : संमतीचे वय १२ वर्षे.
१९४९ : विवाहाबाहेर १६, विवाहांतर्गत १५ वर्षे.
१९८३ : देसाईगंज प्रकरणानंतरची दुरुस्ती, ओळख प्रकट करण्यास बंदी.
२००२ : चारित्र्याविषयीचे उपकलम रद्द.
२०१३ : संमतीची व्याख्या, प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे.
२०१७ : अल्पवयीन पत्नीबाबतचा अपवाद संपुष्टात.
२०२२ : दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध मदुरै खंडपीठाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश.
२०२४ : भारतीय न्याय संहिता लागू; प्रौढ पत्नीबाबतचा अपवाद कायम.

पुढे काय

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी स्त्रियांविषयीच्या साचेबंद कल्पनांसंबंधी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. निकालपत्रात कोणते शब्द टाळावेत आणि कोणती गृहीतके चुकीची आहेत, याची नोंद तीत आहे. संस्थेने स्वतःच्या भाषेकडे इतक्या उघडपणे पाहावे, ही महत्त्वाची घटना होय.

वैवाहिक अपवादाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मे २०२२ मध्ये परस्परविरोधी निर्णय दिले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अपवाद रद्द करण्यास विरोध दर्शविला. विवाहसंस्थेवरील परिणाम हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. १८९१ साली विरोधकांनी मांडलेल्या युक्तिवादाशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

कुंभकोणमच्या रघुनाथरावांच्या काळी प्रश्न होता तो शास्त्र काय सांगते, असा. देसाईगंजच्या वेळी प्रश्न होता तो अंगावर जखमा आहेत काय, असा. या दोन्ही प्रश्नांत जिच्यावर अत्याचार झाला तिचे म्हणणे दुय्यम होते. कायद्याने आता ते म्हणणे मध्यवर्ती मानले आहे. पोलीस ठाण्यातील नोंदवही, रुग्णालयातील तपासणीचा तक्ता आणि न्यायालयातील उलटतपासणी यांत ते तितकेच मध्यवर्ती होते किंवा नाही, यावरच या दीड शतकाच्या वाटचालीचे मोल ठरेल.